कायमस्वरूपी संग्रहातली ढोली

आधुनिक कलेशी माझं काही वाकडं नव्हतं, आणि तिचंही माझ्याशी नसावं. बावन्न वर्षं आम्ही एकमेकांच्या वाटेला न जाता सुखानं राहिलो. पण मे महिन्यात आमच्या घुग्घुसच्या घरातला कूलर बंद पडला, आणि त्या एका मोटारीपायी मला कलेचा इतिहास, कलेचं जतन आणि संग्रहालयाची नियमावली भाग एक ते चार, एवढं सगळं उतारवयात शिकावं लागलं.

घुग्घुसमध्ये मे महिन्यात कूलर बंद पडणं म्हणजे काय, हे पुण्याच्या माणसाला सांगून कळायचं नाही. टाकीतलं पाणी दुपारी अंगावर घेता येत नाही. खिडकी उघडली तर कोळशाची धूळ, बंद ठेवली तर आपण शिजतो. त्यात माझ्या सासूबाई घरी होत्या. ठमाबाई टेंभुर्णे, वय बहात्तरच्या आसपास, मुक्काम कुरखेडा तालुक्यातलं एक खेडं. चंद्रपूरला मोतीबिंदूचं ऑपरेशन करून त्या पावसाळा लागेपर्यंत लेकीकडे, म्हणजे माझ्या बायकोकडे, म्हणजे रिनाकडे थांबल्या होत्या. डॉक्टरांनी सांगितलं होतं की डोळ्याला ऊन, धूळ आणि घाम लागू देऊ नका. घुग्घुसमध्ये या तीन गोष्टी टाळायच्या तर घुग्घुसच टाळावं लागतं.

कूलरवाला मिस्त्री रोज "उद्या येतो" म्हणत होता. अशा वेळी आमच्या भिंतीपलीकडून सल्ला येतो. पलीकडे भैयाजी राहतात. खाणीतून निवृत्त झाल्यापासून त्यांनी सल्ला देणं हेच पूर्णवेळ काम धरलं आहे, आणि त्यात शिफ्ट नसते.

"साहेब, काऊन घामानं मरून राह्यले?" भैयाजी म्हणाले. "चंद्रपुरात ते नवीन कलेचं म्युझियम झालं ना, पुरं एसी हाय. फुकट हाय. वरच्या मजल्यावर कायमस्वरूपी संग्रह म्हणून हाय, तिथी तं कोनी फिरकतच नाई. चार घंटे थंड हवा खाची आन् घरी याचं."

"आणि चित्रं?"

"त्याइच्याकडं पाहाचं नाई."

हा सल्ला मला पटला. भैयाजींचा सल्ला मला पटतो तेव्हाच काहीतरी विपरीत घडतं, हा इतका जुना अनुभव असून मी रविवारी सकाळी त्यांच्या जुन्या व्हॅनमध्ये बसलो. मागे रिना आणि काळा चष्मा लावलेल्या सासूबाई. रस्त्यात ट्रकांच्या मागे धूळ खात, खिडक्या बंद करून, आम्ही कलेच्या दिशेनं निघालो.

संग्रहालय म्हणजे पूर्वीचं लाकडाचं गोदाम. आता पांढरंशुभ्र रंगवलेलं, आणि आत खरोखर स्वर्ग. पण स्वर्गाला पहारेकरी होता. लोकेश त्याचं नाव. त्याने आम्हाला वरच्या मजल्यावर सोडलं आणि आम्ही भिंतीला टेकून बसताच येऊन सांगितलं, "भाऊ, इथी बसाचं नाई. पाहाचं असंन तं उभं राहून पाहा, दिवसभर पाहा, कोनी काई म्हनत नाई."

म्हणजे थंड हवा पाहिजे असेल तर कला पाहणं भाग होतं. भैयाजींच्या योजनेतली ही त्रुटी मी आधी काढायला हवी होती, त्रुटी काढणं हा माझा धंदा आहे. पण आता इलाज नव्हता. आम्ही ठरवलं की एका वस्तूसमोर निदान तीन मिनिटं उभं राहायचं, म्हणजे संध्याकाळपर्यंत पुरेल.

पहिल्या दालनात सायकलच्या गंजलेल्या साखळ्यांचा ढीग होता. भैयाजींनी त्याचं वजन अंदाजे पन्नास किलो ठरवलं आणि हे भंगारवाल्यानं पाहिलं नाही का, अशी काळजी व्यक्त केली. पुढे एक लाल खुर्ची, भोवती दोरी, आणि पाटी : "बसू नये". आधीच बसायला मनाई असलेल्या मजल्यावर एक खुर्ची ठेवून तिच्यावर वेगळी मनाई लावणं, यात मला कला नाही पण कार्यालयीन शिस्त मात्र दिसली, आणि मी तिथं चार मिनिटं उभा राहिलो.

तिसऱ्या दालनात एक भलामोठा कॅनव्हास होता, पूर्ण पांढरा. सासूबाई त्याच्यासमोर गेल्या. काळा चष्मा काढला. परत लावला. मग एक डोळा झाकून पाहिलं, दुसरा झाकून पाहिलं. आणि एकदम त्यांचा आवाज रडवेला झाला.

"रिना, माही नजर गेली वं. मले इथी काईच दिसून नाई राह्यलं."

रिना घाबरली. मी डॉक्टरांना फोन लावायला खिशात हात घातला. लोकेश धावत आला आणि म्हणाला, "बाई, तुमची नजर चांगली हाय. त्याच्यात काईच नाई. माह्याबी लक्षात याले दोन मयने लागले."

ठमाबाईंना धीर आला. पण एवढ्या मोठ्या कापडावर काहीच न काढणारा माणूस आजारी होता का, असं त्यांनी विचारलं, आणि लोकेशनं ते आपल्याला माहीत नसल्याचं प्रामाणिकपणे सांगितलं. यानंतर तो आमच्याबरोबरच फिरू लागला. तोही कुरखेड्याकडचाच निघाला. दोघांनी पाच मिनिटांत एक दूरचं नातंसुद्धा शोधून काढलं, आणि आमचा फेरफटका चांगला रंगात आला.

शेवटच्या दालनाच्या दारातच मात्र ठमाबाई थांबल्या.

मधोमध पांढऱ्या चौथऱ्यावर, वरून दिवा सोडलेली, एक ढोली होती. ढोली म्हणजे आमच्याकडे धान साठवायची कणगी. बांबूच्या तट्ट्याची, आतून बाहेरून माती आणि शेणानं लिपलेली. ही कमरेएवढी होती. एका खांद्याला भेग पडून लिपण सुटलं होतं. ठमाबाई तिच्याभोवती एक फेरी फिरल्या, दुसरी फिरल्या, आणि अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, "हे माही ढोली हाय."

आम्ही सगळे जवळ सरकलो. भैयाजीसुद्धा.

"वीस-बावीस वर्सं झाली, दाढीवाला भाऊ आला होता ना गावात, चित्रं काढाले. दोन मयने राह्यला. जाताना म्हने बाई, हे ढोली मले द्या. मी म्हटलं धान कायच्यात ठेवू? तं कुरखेड्याहून पत्र्याची कोठी घेऊन आला आन् बदल्यात ढोली नेली. ते कोठी अजून हाय घरी." मग त्यांनी पाटीकडे बोट केलं. "जवाई, काय लिवलं हाय, वाचा."

मी वाचलं. "रिक्त गर्भ, क्रमांक तीन. कलाकार : अनामिक. मिश्र माध्यम. एका दिवंगत चित्रकाराच्या संग्रहातून."

"अनामिक म्हंजे?"

"म्हणजे, नाव माहीत नाही असा माणूस."

"मले विचारलं असतं तं सांगतलं असतं," ठमाबाई म्हणाल्या, आणि डावा हात पुढे करून त्यांनी ढोलीच्या भेगेवर अंगठा ठेवला. लोकेशनं सवयीनं शिट्टी वाजवली. वाजवल्यावर तो स्वतःच ओशाळला.

शिट्टी ऐकून सबनीस मॅडम आल्या. त्या संग्रहालयाच्या अभिरक्षक. मूळच्या पुण्याच्या, बोलायला गोड, आणि ज्ञानानं भरलेल्या. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "आजी, तुमच्या भावना मी समजू शकते," त्या म्हणाल्या, "पण अशा ढोल्या घरोघरी असतात. ही विशेष आहे. ही बनवणारी फार वेगळ्या जाणिवेची स्त्री होती." आणि त्यांनी स्वतः लिहिलेल्या सूचीचं पान मला दाखवलं. त्यात एक वाक्य होतं : "परंपरेच्या उजव्या वळणाची अर्धवर्तुळे नाकारून ही अज्ञात स्त्री प्रत्येक फटकाऱ्यात डावीकडे वळते, हा मातीवर लिहिलेला मूक विद्रोह होय." मला ते काडीचं कळलं नाही. पण वाक्य भारदस्त होतं, म्हणून मी त्याचा फोटो काढून ठेवला.

परतताना व्हॅनमध्ये ठमाबाईंनी काळा चष्मा काढून पदरानं पुसायला घेतला. पडोलीचा चौक गेल्यावर म्हणाल्या, "वावराचा सातबारा दिराच्या नावानं. घर रिनाच्या बापाच्या नावानं. राशन कार्ड पोराच्या नावानं. मतदानाच्या यादीत मले मेलेली दाखवलं होतं, दोन बार. एवढी एक वस्तू माह्या हातची, लोकं दिवा लावून पाहून राह्यले, आन् तिच्यावरबी नाव नाई."

रिनानं आईचा हात धरला.  खरं सांगायचं तर मला लाज वाटली, कारण वगळलेल्या नावांचे असे शेकडो अर्ज माझ्या हाताखालून गेले आहेत आणि मी त्यांच्याकडे फक्त कागद म्हणून पाहिलं आहे.

"आई," मी म्हणालो, "पंधरा दिवसांत त्या पाटीवर तुमचं नाव लावून देतो."

हे वाक्य मी भैयाजींच्या देखत बोललो, ही माझी घोडचूक. दुसऱ्या दिवशी सकाळी दूधवाल्यानं मला विचारलं, "साहेब, किती दिवस राह्यले?"

इथं माझ्याबद्दल थोडं सांगायला हवं. मी सरकारी कचेरीत अव्वल कारकून आहे. कोणत्या, ते सांगत नाही, लोक घरी येतात. माझ्या टेबलावरून त्रुटी न निघता एकही अर्ज पुढं जात नाही, असं माझ्याबद्दल बोललं जातं. बोलणारे कौतुकानं बोलतात असं मी तीस वर्षं धरून चाललो होतो. तेव्हा अर्ज कसा असावा हे मला कोणी शिकवावं, अशी वेळ येईल असं स्वप्नातही वाटलं नव्हतं.

पहिला अर्ज आठ दिवसांत परत आला. शेरा : "विहित नमुन्यात नाही." दुसरा विहित नमुन्यात केला. शेरा : "ऑनलाइन सादर करावा." तिसरा ऑनलाइन भरायला बसलो. नाव, गाव, माध्यम, सगळं भरलं. पुढे रकाना आला : "कलाकाराचा मृत्यू दिनांक." शेजारी लाल चांदणी, म्हणजे भरणं अनिवार्य. रिकामा सोडला तर यंत्र पुढं जाईना.

मी फोन केला. तिकडचा माणूस म्हणाला, "सर, कायमस्वरूपी संग्रहातले कलाकार बहुतेक गेलेलेच असतात. हयात माणूस आम्हाला आजवर आलेला नाही."

भैयाजींनी भिंतीवरून मान काढली. "टाका ना एखादी तारीख. मागून दुरुस्तीचा अर्ज करता येते."

रिना स्वयंपाकघरातून उलथणं घेऊन बाहेर आली. "माह्या मायची तारीख टाकता? टाकून तं पाहा." मी टाकली नाही. "माहीत नाही" असा एक पर्याय होता, तो निवडला, तर यंत्रानं वारसाचा दाखला मागितला. "बेपत्ता" निवडलं, तर न्यायालयाचा आदेश मागितला. त्या वेळी बेपत्ता कलाकार आमच्या ओट्यावर बसून मोहफुलं निवडत होती. तिनं मला विचारलं, "काय म्हनते कॉम्प्युटर?" मी म्हणालो, "विचार करून राह्यला."

पंधरा दिवस गेले, मग पावसाळा आला. ठमाबाई धानाच्या रोवणीला गावी परत गेल्या. जाताना पाटीचा विषयही काढला नाही, हेच मला लागलं. मी एका शनिवारी पुरावे गोळा करायला त्यांच्या गावी गेलो. पत्र्याच्या कोठीचे चारही बाजूंनी फोटो काढले. तट्टा विणणारा लच्छू बुरूड अजून होता, ऐंशीच्या घरातला. त्यानं ढोलीचा फोटो डोळ्याजवळ नेऊन पाहिला आणि म्हणाला, "तट्टा माहा हाय. काठ पाहा ना, असा दुसरा कोन वळते?" मी त्याचा जबाब लिहून अंगठा घेतला. हे सगळं चौथ्या अर्जाला जोडलं आणि यंत्राला टाळून तो समक्ष नेऊन दिला. शेरा आला : "कोठी हा ढोलीचा पुरावा होत नाही. साक्षीदार हितसंबंधी." असा शेरा मी स्वतः लिहिला असता तर त्या दिवशी समाधानानं घरी गेलो असतो.

पाचव्या आणि सहाव्या अर्जाबद्दल मी बोलणार नाही. सातवा मात्र माझ्या आयुष्यातला सर्वोत्तम अर्ज होता. चौदा पानी, परिच्छेदांना क्रमांक, आणि चौथ्या परिच्छेदात सबनीस मॅडमचं ते मातीवरच्या मूक विद्रोहाचं वाक्य जसंच्या तसं. वाक्याचा अर्थ मला अजून लागला नव्हता, पण साहेबाचं वाक्य साहेबाला परत पाठवलं की साहेब मऊ पडतो, हा तीस वर्षांचा अनुभव. तो लागू पडला. कार्तिकात सुनावणीची तारीख मिळाली.

ठमाबाई आदल्या दिवशी गावाहून आल्या. नुकतं नवं धान निघालं होतं. त्यांच्या पिशवीत आमच्यासाठी चिवड्याचं गाठोडं होतं, आणि एक झाकणाचा स्टीलचा डबा. डब्यात काय, असं मी विचारलं तर म्हणाल्या, "लागन उद्या." मी समजलो, औषध.

सकाळी संग्रहालयाच्या दारात लोकेशनं "जय भीम मावशी" म्हणत पिशवी तपासायला घेतली. नियमच होता. त्यानं डबा उघडला. आत पांढरी माती, शेण आणि धानाचा कोंडा कालवून केलेला लगदा होता. लोकेशनं भिंतीवरची यादी पाहिली : खाद्यपदार्थ, पाणी, तंबाखू, छत्री, काडीपेटी. दोनदा वाचली. शेणाचा उल्लेख नव्हता. त्यानं झाकण लावून डबा परत दिला. हे मला नंतर कळलं. त्या वेळी मी पुढे होतो, चौदा पानं हातात घेऊन.

सभाकक्षाचा एसी बिघडला होता, म्हणून सुनावणी शेवटच्या दालनातच ठेवली होती. ढोलीपासून चार हातांवर टेबल, आणि टेबलामागे, पावसाळ्यातल्या नव्या मांडणीत दोरीसकट इथं हलवलेली ती लाल खुर्ची. तीन जणांची समिती : सबनीस मॅडम, एक प्रशासकीय अधिकारी, आणि नागपूरचे एक निवृत्त कलाप्राध्यापक. टेबलासमोर आमच्यासाठी खुर्च्या. भैयाजी आणि रिना मागे. मला निवेदन वाचायला सांगितलं.

मी वाचायला लागलो. दालनाला घुमारा चांगला होता. पाचव्या परिच्छेदाला मला स्वतःचाच आवाज आवडायला लागला. सातव्याला मी डोळे मिटून, तोंडपाठ बोलत होतो. नवव्याला माझ्या कानावर एक आवाज आला. सप. सप. सप. हा आवाज ओळखीचा होता. लहानपणी सणाच्या सकाळी याच आवाजानं जाग यायची, आणि भिंत ओली आहे, हात लावू नको, असं आई ओरडायची. मी डोळे उघडले. ठमाबाईंची खुर्ची रिकामी होती.

त्या ढोलीपाशी उभ्या होत्या. पदर खोचलेला, डबा चौथऱ्यावर, आणि डावा हात ढोलीच्या खांद्यावर सपासप फिरत होता. भेग बुजली होती. आजूबाजूचं उडालेलं लिपणही त्यांनी भरून काढलं होतं. आम्ही सगळे पाहतच राहिलो. त्यांनी हात डब्याच्या कडेला निपटला, पदराची गाठ सोडली, त्यातून मूठभर नवं धान काढलं आणि ढोलीच्या पोटात सोडलं. तळाशी पडल्याचा बारीक आवाज झाला.

"आता बरी दिसते," त्या म्हणाल्या. "घरची ढोली अशी फुटकी आन् रिकामी ठेवत नाईत बाप्पा. पाहुने याच्यासमोर लाज वाटते."

सबनीस मॅडम उठल्या, दोन पावलं मागे गेल्या आणि मटकन बसल्या. ज्या खुर्चीवर बसल्या ती लाल होती, आणि दोरी त्यांच्याबरोबर खाली आली होती. लोकेशनं सवयीनं शिट्टी तोंडात धरली, पण वाजवली नाही. अभिरक्षकाला उठवण्याचा अधिकार कोणाला, हे नियमावलीच्या चारही भागांत नव्हतं.

मी घामाघूम झालो. एसी चालू असताना. सातही अर्ज, लच्छूचा अंगठा, पंधरा दिवसांचं वचन, सगळं त्या लगद्यात कालवलं गेलं असं मला वाटलं. प्रशासकीय अधिकारी "नुकसान", "पंचनामा" असे शब्द बोलू लागले. मी सासूबाईंच्या पुढे जाऊन उभा राहिलो. का, ते मला माहीत नाही. म्हणालो, "जे काही लिहायचं ते माझ्या नावानं लिहा." त्या वेळी मला हे शौर्य वाटलं होतं.

कोणीच माझ्याकडे पाहिलं नाही, कारण प्राध्यापक महाशय चष्मा कपाळावर चढवून ढोलीजवळ वाकले होते. त्यांनी ओल्या लिपणावरचे चार बोटांचे अर्धगोल पाहिले. मग शेजारचे जुने, सुकलेले अर्धगोल पाहिले. दोन्ही एकाच बाजूला वळत होते. दोन्हींची रुंदी एक. दोन्हींत करंगळीची रेघ जरा खोल.

"सबनीस मॅडम," ते म्हणाले, "जरा इकडे या." मग माझ्या हातातली पानं घेऊन त्यांनी चौथा परिच्छेद मोठ्यानं वाचला. परंपरेच्या उजव्या वळणाची अर्धवर्तुळे नाकारून, वगैरे. आणि ठमाबाईंना विचारलं, "बाई, तुम्ही डावीकडे वळवून का लिपता?"

"डावखोरी हाय ना मी," ठमाबाई म्हणाल्या. "लगन होऊन आली तं सासू म्हने, उलटी सून भेटली. जेवाचं उजव्यानं शिकवलं मले, मारून मारून. लिपन मात्र डाव्यानंच होते, त्याले मी काय करू?"

  पंचवीस वर्षं ही बाई माझ्यासमोर डाव्या हातानं भाजी चिरते आहे, डाव्या हातानं भाकरी थापते आहे. पुरावा माझ्याच अर्जात, माझ्याच अक्षरात, चौथ्या परिच्छेदात होता, आणि मी तो न समजता उतरवून काढला होता. दुसऱ्या कोणी असा अर्ज आणला असता तर मी त्याला टेबलासमोर उभा करून चांगला धारेवर धरला असता.

सबनीस मॅडम खुर्चीवरून उठून आल्या. त्यांनी जुनी रेघ पाहिली, नवी पाहिली, आणि हळूच विचारलं, "मग, विद्रोह?"

"ते काय असते?" ठमाबाई म्हणाल्या. मग त्यांना आठवलं. "दाढीवाल्या भाऊले मी सांगतलं होतं, तळाची मूठ काढजो नको. ढोली पुरी रिकामी करत नाईत, मूठभर धान राहू देतेत, म्हंजे पुढच्या साली भरते. होती का मूठ आत?"

अधिकाऱ्यांनी फाईल उघडली. एक पान वाचलं, आणि वाचताना त्यांचा आवाज खाली गेला. "वस्तू दाखल करताना आत अंदाजे चाळीस ग्रॅम धान्य आढळले. कीड लागण्याच्या शक्यतेमुळे नष्ट केले."

"नष्ट म्हंजे?"

"टाकून दिलं, आई," मी म्हणालो.

ठमाबाईंचा चेहरा उतरला. भांडल्या नाहीत. नुसत्या ढोलीच्या काठावर हात ठेवून उभ्या राहिल्या. वीस-बावीस वर्षं त्या दाढीवाल्या माणसानं मूठ जपली होती, आणि इथं ती गेली होती. सबनीस मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं. "आजी, चुकलं आमचं," त्या म्हणाल्या. "ही आता कोणी काढणार नाही."

पंचनामा झाला नाही. इतिवृत्त झालं. त्यात लिहिलं की कलाकारानं समितीसमक्ष आपली कार्यपद्धती सिद्ध केली. आमची हजेरीही त्यात आहे : "कलाकार श्रीमती ठमाबाई टेंभुर्णे, सोबत एक इसम." सात अर्ज आणि चौदा पानं करून मी एक इसम झालो. भैयाजींनी या ओळीची प्रत मागून घेतली आहे आणि ती त्यांच्या फ्रिजवर चिकटवलेली आहे.

नाव लावायचं ठरलं तेव्हा ठमाबाईंनीच हरकत घेतली. "एकट्या माह्यं कसं लावता? तट्टा लच्छूचा हाय. तट्टा नसता तं मी काय हवेवर लिपलं असतं?" अधिकारी म्हणाले, पाटीवर एकाच ओळीची जागा आहे. मी सवयीनं आठव्या अर्जाचा मसुदा मनात बांधायला घेतला, तोच सबनीस मॅडम म्हणाल्या, "पाटी मोठी करू." इतक्या सोप्या वाक्यानं काम होतं हे मी नोकरीत कधी पाहिलेलं नव्हतं.

जन्मवर्षावरून मात्र एक दिवस गेला. आधार कार्डावर एक जानेवारी, तीही अंदाजे. ठमाबाई म्हणाल्या, "चांद्याच्या दीक्षेले बापानं मले खांद्यावर आनलं होतं. चार वर्सांची होती म्हने." चांद्याची, म्हणजे चंद्रपूरची दीक्षा छप्पन सालची; प्राध्यापकांनी बोटांवर मोजलं, बावन्न साल निघालं, आणि आश्चर्य म्हणजे कोणी दाखला मागितला नाही.

जानेवारीत पाटी लागली. आम्ही सगळे गेलो. या वेळी व्हॅनमध्ये लच्छूही होता, नवं धोतर नेसून, आणि घुग्घुसच्या धुळीनं ते चंद्रपूरपर्यंत खाकी झालं म्हणून वाटभर भैयाजींवर चिडलेला. वरच्या मजल्यावर साखळ्यांचा ढीग तसाच होता. पांढरा कॅनव्हासही. ठमाबाईंनी त्याला ओळखीच्या माणसासारखी मान हलवली. लाल खुर्चीपाशी लोकेशनं नवी, जास्त मजबूत दोरी दाखवली. ढोलीचं लिपण सुकून जुन्यात मिसळलं होतं.

"वाचा जवाई," ठमाबाई म्हणाल्या. "हळू वाचा. लच्छूले कमी ऐकू येते."

मी वाचलं. निवेदनं खूप वाचली आहेत, पण या चार ओळी मी बोट ठेवून, एकेक अक्षर लावून वाचल्या.

"ढोली. लिपण : ठमाबाई टेंभुर्णे, तालुका कुरखेडा, एकोणीसशे बावन्न. तट्टा : लच्छू बुरूड, त्याच गावचे, अंदाजे एकोणीसशे बेचाळीस. बांबू, पांढरी माती, शेण, कोंडा, मूठभर धान."

लच्छूनं आपलं नाव परत एकदा वाचायला लावलं. ठमाबाई पाटीजवळ सरकल्या. ऑपरेशनचा डोळा आता चांगला झाला होता. त्यांना अक्षरं येत नाहीत, पण आकडे येतात. त्यांनी वर्षावर बोट ठेवलं, आणि बोट पुढे सरकवलं.

"हे आकड्याच्या पुढं आडवी रेघ काऊन मारली? रेघेच्या पुढं काईच नाई लिवलं."

मी सबनीस मॅडमकडे पाहिलं. त्या माझ्याकडे पाहायला लागल्या. तो लाल चांदणीचा रकाना इथं येऊन असा मोकळा राहिला होता. बाकीच्या सगळ्या पाट्यांवर रेघेच्या पुढे दुसरा आकडा होता. पुऱ्या मजल्यावर एवढ्या दोनच रेघा मोकळ्या होत्या, एक ठमाबाईंची आणि खाली लच्छूची.

"आई," मी म्हणालो, "ते नंतर भरायचं असतं."

ठमाबाईंनी थोडा विचार केला. त्यांना कळलं. तोंडाला पदर लावून त्या हसल्या, आणि पिशवीतून तो स्टीलचा डबा काढून लोकेशच्या हातात दिला.

"ठेव गा तुह्यापाशी," त्या म्हणाल्या. "दरसाल लिपाले येईन मी. आन् त्या रेघवाल्याले सांगजो, घाई नाई म्हना."